उत्तरेहून उत्तरेला, व्हाया दक्षिण

लाँगयरब्येन आणि उत्कियाग्विक. दोन्ही नावं उच्चारताना जीभ अडखळते. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ही गावं शोधायला गेलं तर ती वरच्या लाकडी पट्टीला टेकलेली सापडतात. पहिलं नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, दुसरं अमेरिकेच्या अलास्का राज्याच्या उत्तर टोकाला. दोन्ही गावांना डांबरी धावपट्टीचा विमानतळ आहे आणि दोन्हीकडे बोइंग ७३७ सारखी जेट विमानं वर्षभर ये-जा करतात.

या दोन विमानतळांमधलं अंतर संगणकाला विचारलं, तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देतो: सुमारे ३,४०० किलोमीटर, साडेचार तास. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या हवाई अंतराची साधारण तिप्पट. सकाळी चहा पिऊन निघावं आणि दुपारच्या जेवणाला पोचावं, इतका सोपा मामला.

आता तिकीट काढायला बसा. लाँगयरब्येनहून ऑस्लो, ऑस्लोहून आइसलँडमधलं केफ्लाविक, तिथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं सिअॅटल, सिअॅटलहून अँकरेज आणि अँकरेजहून अखेर उत्कियाग्विक. अनेक वाटांपैकी ही एक वाट, आणि बाकीच्या वाटाही हिच्यापेक्षा फारशा बऱ्या नाहीत. पाच विमानं, सुमारे १३,००० किलोमीटर आणि मधले मुक्काम धरून दोन दिवस. याला मराठीत द्राविडी प्राणायाम म्हणतात.

दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिलं भूमितीचं आहे, दुसरं वाटेचं. दोघांत जी जवळजवळ चौपट तफावत पडते, तिच्यात नकाशाचा इतिहास आहे, विमानांचा आहे आणि थोडा राजकारणाचाही आहे.

दोन गावांची ओळख

लाँगयरब्येन ७८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जॉन मन्रो लाँगयर या अमेरिकन उद्योजकाने १९०६ मध्ये इथे कोळशाच्या खाणीसाठी वसाहत उभी केली. 'ब्येन' म्हणजे नॉर्वेजियन भाषेत शहर. तेव्हा आपल्याकडच्या '-पूर' किंवा '-वाडी'च्या चालीवर हे झालं लाँगयरपूर. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. जगभरच्या पिकांचं बियाणं गोठवून ठेवणारी प्रसिद्ध बियाणं-तिजोरी याच विमानतळाच्या वरच्या डोंगरात आहे.

विमानतळ १९७५ मध्ये सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात समुद्र गोठला की बोटी बंद पडत आणि गाव वसंतापर्यंत जगापासून तुटून राही. विमानं सुरू झाल्यावर ऋतूंनी घातलेली ही कुलूपबंदी संपली. सर्वसामान्य प्रवासी तिकीट काढून नियमित विमानाने जाऊ शकतात अशा विमानतळांत हा जगातला सर्वांत उत्तरेकडचा.

उत्कियाग्विक ७१ अंशांवर, अमेरिकेतलं सर्वांत उत्तरेचं शहर. वस्ती पाच हजारांच्या आत, आणि त्यात बहुसंख्य इनुपियाट हे मूळ रहिवासी. देवमाशाची शिकार हा त्यांच्या जगण्याचा जुना भाग. इंग्रजांनी दिलेलं 'बॅरो' हे नाव शंभराहून अधिक वर्षं चाललं. २०१६ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून जुनं इनुपियाट नाव परत आणलं. या गावाला बाहेरून एकही रस्ता येत नाही. उन्हाळ्यात काही आठवडे समुद्रमार्ग मोकळा होतो, तेव्हा बार्जवरून अवजड माल येतो. बाकी माणूस असो की भाजी, येणार ती विमानानेच.

या विमानतळाचं नावही अपघातातून आलेलं. वायली पोस्ट हा एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला वैमानिक; १९३३ मध्ये त्याने तो पराक्रम केला. ऑगस्ट १९३५ मध्ये विल रॉजर्स या लोकप्रिय विनोदी लेखक-नटाला घेऊन तो बॅरोकडे निघाला होता. ढगांत वाट चुकली. एका खाजणात विमान उतरवून दोघांनी तिथल्या लोकांना बॅरोची दिशा विचारली. पुन्हा उडाल्यावर काही क्षणांत इंजिन बंद पडलं आणि दोघंही गेले. गाव तिथून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवर होतं. आज विमानतळाला दोघांचं नाव आहे.

दोरा लावून पाहा

आता भूमितीकडे वळू. भिंतीवरच्या नकाशावर या दोन गावांना फूटपट्टीने जोडलं तर रेघ ग्रीनलँड आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांवरून आडवी जाते. त्या रेघेवरून, होकायंत्राची एकच दिशा धरून खरोखर कुणी उडालं तर त्याला सुमारे ५,००० किलोमीटर पडतील. म्हणजे नकाशावर जी रेघ सरळ दिसते, ती प्रत्यक्षात दीडपट लांबीचा वळसा आहे.

यात दोष नकाशाचा, पण त्यालाही सबब आहे. आपल्या ओळखीचा आयताकृती नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा, १५६९ सालचा. तो जहाजांसाठी काढला होता. नकाशावर रेघ मारायची, तिचा कोन मोजायचा आणि होकायंत्रावर तोच कोन धरून जहाज हाकायचं, ही खलाशांची सोय त्याने पाहिली. तिची किंमत म्हणून उत्तरेचा आणि दक्षिणेचा प्रदेश ताणला गेला. ध्रुवाजवळ हा ताण इतका वाढतो की प्रत्यक्ष ध्रुव त्या नकाशावर काढताच येत नाही. आपल्या दोन गावांमधली जवळची वाट नेमकी तिथूनच जाते.

ती वाट पाहायची तर घरातला पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा पुरे. दोऱ्याचं एक टोक लाँगयरब्येनवर धरा, दुसरं उत्कियाग्विकवर, आणि दोरा ताणा. तो आपसूक उत्तर ध्रुवाला चाटून जाईल. ३० सेंटीमीटर व्यासाचा गोल असेल तर दोरा भरेल साधारण ८ सेंटीमीटर. हीच गोलावरची सर्वांत जवळची वाट. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. मोसंबं बरोबर मध्यातून कापलं की सालीवर जी कड उमटते ते बृहद्वृत्त. त्याचा जेवढा तुकडा दोन गावांमध्ये येतो, ती वाट.

हे गणित एरवी साइन-कोसाइनच्या जंजाळातून करावं लागतं. इथे मात्र ते बोटांवर जमतं. लाँगयरब्येन ध्रुवापासून सुमारे पावणेबारा अंश खाली आहे आणि उत्कियाग्विक सुमारे पावणेएकोणीस अंश. दोघांची रेखावृत्तं ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना येतात. म्हणजे एका बाजूने ध्रुवापर्यंत चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. बेरीज केली, समोरासमोर असण्यात जो किंचित तिरपेपणा आहे तो वजा केला, की उरतात ३०.४ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सरासरी १११ किलोमीटर. गुणाकार केला की ३,३८० च्या आसपास उत्तर येतं.

काटेकोर माणूस इथे आणखी पंधरा किलोमीटर वाढवेल. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. त्यामुळे अक्षांशाचा एक अंश विषुववृत्तापाशी ११०.६ किलोमीटरचा, तर ध्रुवापाशी १११.७ किलोमीटरचा भरतो. चपट्या भागाचा बाक कमी, म्हणून एक अंश वळायला जास्त चालावं लागतं. हे धरलं की आपलं अंतर ३,३९५ च्या घरात जातं. संगणकांची उत्तरं एकमेकांपासून दहा-पंधरा किलोमीटरने हटतात, ती बहुधा यामुळेच: कुणी पृथ्वी चेंडूसारखी धरतो, कुणी चपटी.

या वाटेची आणखी एक गंमत. ती ध्रुवावरून नेमकी जात नाही, सुमारे ११० किलोमीटर बाजूने जाते. लाँगयरब्येनहून निघताना विमानाचं तोंड जवळपास उत्तरेला असतं आणि उत्कियाग्विकला पोचताना जवळपास दक्षिणेला. मध्ये वैमानिकाने कुठेही वळण घेतलेलं नसतं. विमान सरळच असतं, त्याच्या खालची दिशा बदलते. साध्या होकायंत्राचा इथे उपयोग नाही, कारण चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने सुई गोंधळते. पूर्वीच्या वैमानिकांना सूर्याची उंची मोजून दर थोड्या वेळाने दिशेचा हिशेब नव्याने मांडावा लागे. आज उपग्रह आणि जडत्वावर चालणारी उपकरणं ते काम करतात.

साडेचार तास आले कुठून?

अंतर ठरलं की वेळेचं गणित संगणक ठोकळेबाज पद्धतीने करतो. जेट विमानाचा वरच्या हवेतला वेग ताशी ८५० किलोमीटर धरायचा, अंतराला त्याने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा साधारण अर्धा तास त्यात मिळवायचा. ३,४०० भागिले ८५० म्हणजे चार तास, अधिक अर्धा तास. झाले साडेचार.

हा हिशेब लांबच्या उड्डाणाला बऱ्यापैकी लागू पडतो. जवळच्या उड्डाणाला तो ताणावा लागतो. लाँगयरब्येनहून नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचं ट्रोम्सो सुमारे ९६० किलोमीटरवर आहे, आणि वेळापत्रकात या उड्डाणाला एक तास चाळीस मिनिटं लावलेली असतात. भागाकार करून पाहा: सरासरी वेग ताशी सहाशेलाही पोचत नाही. विमान हळू नव्हतं. पण वेळापत्रकातली वेळ विमान आपल्या जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंतची रांगणी, पंखांवरचा बर्फ काढायची फवारणी, चढण, उतरण, उतरायच्या आधीची घिरटी, सगळं त्यात आलं. लांबच्या प्रवासात हा खर्च पसरून जातो, आखूड प्रवासात तोच अंगावर येतो. शिवाय वारा समोरून की पाठीमागून, यावर एकाच वाटेचा जायचा आणि यायचा वेळ वेगळा पडतो.

घड्याळाने पाहिलं तर हा प्रवास आणखी चमत्कारिक ठरतो. लाँगयरब्येनचं घड्याळ उत्कियाग्विकच्या साधारण १० तास पुढे असतं. तेव्हा असं विमान दुपारी १२ ला लाँगयरब्येनहून निघालं, तर साडेचार तास उडून ते उत्कियाग्विकला त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरेल. निघण्याच्या आधीच पोचणं ते हे. परतताना हिशेब चुकता होतो: दुपारी १२ ला निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचला पोचतो. पहाट हा शब्दही सवयीने वापरायचा. जूनमध्ये दोन्हीकडे सूर्य मावळत नाही आणि डिसेंबरमध्ये उगवत नाही.

वीस तास वीस मिनिटं

या वाटेने कुणी गेलंच नाही असं मात्र नाही. विमान वयात येत होतं तेव्हाच दोन वेळा ही वाट पार झाली, एकदा स्वालबार्डकडून आणि एकदा अलास्काकडून.

११ मे १९२६ रोजी स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंड या खाणगावाहून 'नॉर्गे' नावाचं एअरशिप निघालं. एअरशिप म्हणजे हायड्रोजन भरलेला, इंजिनांवर चालणारा अवाढव्य लांबट फुगा. त्यात सोळा माणसं होती: दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोचलेला नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन, पैसा पुरवणारा अमेरिकन लिंकन एल्सवर्थ, ते एअरशिप बनवणारा आणि चालवणारा इटलीचा उंबेर्तो नोबिले आणि त्यांचे सहकारी. शिवाय नोबिलेची लाडकी कुत्री तितिना. दुसऱ्या दिवशी त्यांनी ध्रुव ओलांडला, तिथे तीन देशांचे झेंडे खाली टाकले आणि तसेच पुढे अलास्काकडे गेले. बॅरोचं टोक त्यांना दिसलं, पण धुकं आणि वाऱ्याने पुढे ढकललं. १४ मे रोजी ते टेलर या छोट्या वस्तीत उतरले. सुमारे ७२ तास ते हवेत होते.

दोन वर्षांनी उलट्या दिशेने विमान आलं. ऑस्ट्रेलियन संशोधक ह्युबर्ट विल्किन्स आणि अलास्कात वैमानिकी केलेला कार्ल बेन आयल्सन यांनी १५ एप्रिल १९२८ रोजी बॅरोहून उड्डाण केलं. विमान लॉकहीड व्हेगा: लाकडी, एकाच इंजिनाचं. धावपट्टी म्हणजे गावकऱ्यांनी फावड्यांनी बर्फ कापून काढलेली अरुंद पट्टी. त्यांना ध्रुवावर जायचं नव्हतं. आर्क्टिक समुद्रात एखादी न सापडलेली जमीन आहे का हे पाहायचं होतं. म्हणून त्यांनी कॅनडा आणि ग्रीनलँडच्या उत्तरेकडून वाट धरली. जमीन नव्हतीच. वीस तास वीस मिनिटांनी, साडेतीन हजार किलोमीटर कापून, ते स्वालबार्डच्या वादळात सापडले आणि एका ओसाड बेटावर उतरले.

वादळाने त्यांना पाच दिवस तिथेच डांबून ठेवलं. निघायची वेळ आली तेव्हा विमान बर्फातून हलेना. आयल्सन आत बसून इंजिन चालवी आणि विल्किन्स खाली उतरून विमान ढकली. विमान सुटलं की धावत जाऊन आत चढायचं. पहिल्यांदा ते जमलं नाही. विल्किन्स खाली राहिला आणि आयल्सन उडाला. तो घिरटी घालून परत आला. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विल्किन्स आत आला, आणि मग काही मिनिटांत ग्रीन हार्बर ही वस्ती दिसली. पल्ल्याचा जवळजवळ सगळा प्रवास विमानाने वीस तासांत केला होता. शेवटच्या काही किलोमीटरांना पाच दिवस लागले. ध्रुवप्रदेशातला प्रवास आजही असाच असतो.

त्याच वर्षी विल्किन्सला इंग्लंडच्या राजाने 'सर' ही पदवी दिली. आयल्सनचा मात्र पुढच्याच वर्षी, बर्फात अडकलेल्या एका जहाजावरच्या माणसांना आणायला जाताना सायबेरियात अपघाती मृत्यू झाला.

आता सुरुवातीची ती पाच विमानांची वाट पुन्हा काढू आणि तिच्यातले फक्त हवेतले तास मोजू. ऑस्लोपर्यंत तीन, केफ्लाविकपर्यंत पावणेतीन-तीन, सिअॅटलपर्यंत पावणेआठ-आठ, अँकरेजपर्यंत साडेतीन-पावणेचार आणि पुढे दोन. बेरीज येते १९ ते २० तास. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी लाकडी विमानाला लागले तेवढेच. विमानाचा वेग पाचपट झाला आणि वाट चौपट लांबली. प्रतीक्षागृहातले तास धरले तर आजचा प्रवासी विल्किन्सच्या मागेच राहतो.

मग थेट विमान का नाही?

तंत्राची अडचण आहे का? ध्रुवावरून आज मोठी प्रवासी विमानं रोज जातात. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला सहकाऱ्यांनी एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवमार्गे बंगळूरला आणलं. सतरा तासांच्या आसपासचं ते उड्डाण होतं.

अशा उड्डाणांना नियम कडक असतात. अमेरिकेच्या नियमांत ७८ अंशांच्या उत्तरेचा सगळा भाग ध्रुवीय क्षेत्र मानला जातो. लाँगयरब्येन त्या रेषेच्या अगदी उंबऱ्यावर बसलेलं आहे. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळेत गाठता येईल असा पर्यायी विमानतळ आधीच नक्की करावा लागतो, आणि तिथे अडकलेल्या प्रवाशांना परत कसं आणायचं याचा आराखडाही तयार ठेवावा लागतो. विमानात कडाक्याच्या थंडीचे खास पोशाख असतात, म्हणजे बाहेर उतरून तपासणी करायची वेळ आलीच तर कर्मचारी गोठू नयेत. इंधनावर नजर ठेवावी लागते. 'जेट ए-१' हे विमानाचं इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं, आणि वरची हवा त्याहून थंड असू शकते. टाकीतलं इंधन फार गार होऊ लागलं तर वैमानिक जरा खालच्या, उबदार हवेत येतो किंवा वेग वाढवतो. हवेच्या घर्षणाने पंख किंचित तापतात. विषुववृत्तावर स्थिर राहणारे संपर्क-उपग्रह ध्रुवाजवळ क्षितिजाखाली जातात, म्हणून तिथे वेगळे उपग्रह आणि जुना दूरपल्ल्याचा रेडिओ लागतो. सूर्यावर वादळ झालं की तो रेडिओ खरखरतो आणि विमानं वाट बदलतात.

हे सगळं जमण्यासारखं आहे, रोज जमतंही. अडचण साधी आहे: बसायला माणसं नाहीत. एका टोकाला अडीच हजार वस्ती, दुसऱ्या टोकाला पाच हजारांच्या आत. एका गावाची सोयरीक दुसऱ्या गावाशी नाही, व्यापार नाही, कचेरीचं काम नाही. लाँगयरब्येनच्या माणसाला मोठ्या आजारपणात ट्रोम्सोला जावं लागतं, उत्कियाग्विकच्या माणसाला अँकरेजला. पगार, पोस्ट, कॉलेज, न्यायालय, सगळ्याचे धागे आपापल्या देशाच्या दक्षिणेशी बांधलेले.

विमानांची जाळी बैलगाडीच्या चाकासारखी असतात. मध्ये तुंबा, त्यातून बाहेर जाणारे आरे. ऑस्लो हा एक तुंबा, सिअॅटल हा दुसरा. लाँगयरब्येन आणि उत्कियाग्विक हे दोन वेगवेगळ्या चाकांतल्या आऱ्यांची टोकं आहेत. एका टोकावरून दुसऱ्यावर जायचं तर आधी आपल्या तुंब्यात उतरायचं, मग दुसऱ्याच्या तुंब्यात, आणि मग पुन्हा वर चढायचं. सिअॅटल लाँगयरब्येनहून जितकं दक्षिणेला आहे, तेवढं अंतर ध्रुवाच्या वाटेने कापलं असतं तर प्रवासी थेट उत्कियाग्विकला उतरला असता.

सत्तेने ताणलेली अंतरं

जमिनीवरच्या सीमा हवेतही असतात, आणि त्या सरकल्या की अंतरंही सरकतात. उत्तरेकडच्या वाटांचा इतिहास याचा उत्तम दाखला आहे.

नोव्हेंबर १९५४ मध्ये स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून ग्रीनलँडमार्गे लॉस एंजेलिसला नियमित सेवा सुरू केली. फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याच कंपनीने कोपनहेगन ते टोकियो ही ध्रुवावरची सेवा सुरू केली, थांबा अँकरेज. सोव्हिएत संघाचं आकाश पाश्चात्त्य विमानांना बंद होतं, म्हणून युरोपातून जपानला जाणाऱ्याला अलास्काचा फेरा पडे. त्या काळात अँकरेजचा विमानतळ जगाचा चव्हाटा झाला. पुढे सोव्हिएत संघ कोसळला, सायबेरियाचं आकाश उघडलं, विमानंही लांब पल्ल्याची झाली आणि युरोप-जपान प्रवाशांना अँकरेजला उतरायचं कारण उरलं नाही.

फेब्रुवारी २०२२ नंतर चक्र उलटं फिरलं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकीहून टोकियोला फिनएअरचं विमान आधी सुमारे साडेनऊ तासांत जाई. आता ते उत्तर ध्रुवावरून वळसा घालू लागलं आणि तोच प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. हेलसिंकी हललं नव्हतं, टोकियोही नव्हतं.

धावपट्टीच्या खालचा बर्फ

वाट ठरली तरी उतरायला जमीन लागते, आणि उत्तरेत जमीन हीच बेभरवशाची गोष्ट. दोन्ही विमानतळांच्या खाली वर्षानुवर्षं गोठलेली माती आहे. ती गोठलेली राहिली तर खडकासारखी टणक. उन्हाळ्यात वरचा थर वितळला, हिवाळ्यात पुन्हा गोठला की ती फुगते, खचते. त्यावरचं काळं डांबर ऊन शोषून त्या वितळण्याला मदत करतं आणि गुळगुळीत धावपट्टीवर उंचवटे येतात. स्वालबार्डच्या धावपट्टीची म्हणून पुन्हा पुन्हा दुरुस्ती करावी लागली. आर्क्टिक प्रदेश उरलेल्या जगापेक्षा वेगाने तापतो आहे, तेव्हा हे काम वाढतच जाणार.

वर हवामान आहेच. लाँगयरब्येनला डोंगरांमधून उतरावं लागतं. ऑगस्ट १९९६ मध्ये मॉस्कोहून खाणकामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांना घेऊन येणारं विमान तिथे उतरताना डोंगरावर आदळलं आणि आतली सगळी १४१ माणसं गेली. नॉर्वेच्या भूमीवरचा तो सर्वांत मोठा विमान अपघात. म्हणून उत्तरेचे जुने प्रवासी वेळापत्रकावरच्या वेळेकडे इच्छेसारखं पाहतात. धुकं आलं की आज नाही, उद्या.

गोव्याहून निघालेले

या वाटेच्या एका टोकाशी आपलाही संबंध आहे. भारताच्या ध्रुवीय संशोधनाचं काम गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतं. या केंद्राने १ जुलै २००८ रोजी नी-ऑलेसुंडला 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू केलं. 'नॉर्गे' ज्या खाणगावातून अलास्काला निघालं, तेच हे गाव. खाणी बंद पडल्या आणि तिथे आता निरनिराळ्या देशांचे वैज्ञानिक राहतात. डिसेंबर २०२३ पासून भारतीय चमू ध्रुवीय रात्रीच्या महिन्यांतही तिथे काम करू लागले.

वास्कोपासून हिमाद्री सरळ मोजलं तर सुमारे पावणेआठ हजार किलोमीटर. वैज्ञानिक मात्र भारतातून ऑस्लो, ऑस्लोहून लाँगयरब्येन असे जातात. तिथून पुढचे ११० किलोमीटर रस्ता नाही. वर्षानुवर्षं हा शेवटचा टप्पा डॉर्नियर २२८ जातीच्या छोट्या विमानांनी केला. याच जातीची विमानं कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सही बनवतं. अर्ध्या तासाचं हे उड्डाण, पण सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त वाट पाहायला लावतं तेच.

तेव्हा यापुढे कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर पडद्यावर दिसलं तर दोऱ्याचं माप म्हणून ते जरूर मानावं, पण तिथे जाणारं विमान कुणाचं आहे आणि ते कुठून वळसा घेतं, हेही विचारावं. नी-ऑलेसुंडला 'नॉर्गे' बांधून ठेवायला उभारलेला लोखंडी मनोरा आजही उभा आहे. तिथून अलास्काला थेट गेलेलं ते उड्डाण १९२६ मधलं. स्वालबार्ड ते अलास्का ही प्रवासी विमानसेवा त्यानंतर आजतागायत कुणी सुरू केलेली नाही.